चौदा पट्टे

फ्रेमवाल्याने चित्र उजेडाकडे धरलं, मान जरा तिरकी केली आणि विचारलं, "ताई, हे आपण मागच्या वर्षी केलेलं ना? काच फुटली वाटतं."

काच फुटली नव्हती. चित्र आदल्या रात्री साडेअकराला संपलं होतं. "नाही हो, नवीन आहे," मी म्हणाले. तो ओशाळला. "हां हां, वेगळंच आहे की," असं पुटपुटत मापं घ्यायला लागला. पण गेल्या आठ वर्षांतली माझी झाडून सगळी चित्रं त्याच्या हातून गेली आहेत. माझं काम इतक्या जवळून आणि इतक्या निर्विकारपणे बघणारा दुसरा माणूस नाही. एखाद्या समीक्षकाने हेच लिहिलं असतं तर मी चार दिवस चिडले असते आणि पाचव्या दिवशी विसरले असते. हे काही केल्या विसरता येईना.

मी जलरंगात दरवाजे रंगवते. जुने, लाकडी, अर्धवट उघडे. पहिला दरवाजा रंगवला तेव्हा तो खरोखर समोर होता. त्याच्या उंबऱ्यावर उन्हाची एक पट्टी पडली होती आणि ती निघून जायच्या आत मला गाठायची होती. हात थरथरत होता. ते चित्र लगेच विकलं गेलं, मग दुसरं मागितलं गेलं, मग "तसाच, पण निळा" आणि "तसाच, पण पायरीवर मांजर". होता होता मी दरवाजेवाली झाले. आता दरवाजा समोर लागत नाही. बिजागरीचा गंज कुठे, उंबऱ्यावरची उन्हाची पट्टी कुठल्या कोनात, फळीची भेग कोरड्या ब्रशने कशी ओढायची, हे सगळं हाताला पाठ आहे. डोळ्यांना कामच उरलेलं नाही.

चित्र सुचत नाही म्हणून अडून बसलेले कलावंत असतात, तशी माझी अडचण नव्हती. मी आठवड्याला दोन चित्रं काढू शकत होते. तीच अडचण होती. पाच महिन्यांवर प्रदर्शन, भिंतीवर लागायची चोवीस चित्रं, त्यातली नऊ तयार आणि नऊच्या नऊ एकाच घराण्यातली.

माझी एक मैत्रीण मातीची भांडी करते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मग जा ना कुठेतरी. जिथे दरवाजेच नसतील अशा जागी." ती थट्टेत म्हणाली होती. मी मात्र त्याच संध्याकाळी एका लहानशा बेटावरच्या खोलीची चौकशी केली. गुरुवारी दुपारी जायचं, रविवारी सकाळी परतायचं. बेटाचं नाव सांगत नाही. त्यात रहस्य काही नाही, पण नाव वाचलं की लोक तिथलं सौंदर्य शोधायला लागतात, आणि माझ्या या हकिकतीत सौंदर्याचा भाग फार थोडा आहे.

"चित्रकार बेटावर चालली" म्हटल्यावर ओळखीतल्या दोघातिघांनी तरी गोगँ या फ्रेंच चित्रकाराचं नाव काढलं. मला त्या तुलनेचा कंटाळा आहे. गोगँ 1891 साली ताहितीला गेला, मध्ये दोनेक वर्षं फ्रान्समध्ये काढून पुन्हा परतला, तिथूनही 1901 मध्ये आणखी लांबच्या मार्केसास बेटांवर गेला आणि 1903 मध्ये तिथेच वारला. ती काही सुट्टी नव्हती. शिवाय तिथल्या कोवळ्या मुलींशी तो ज्या तऱ्हेने वागला, ते बघता "बेटावर जाऊन कलावंताला नवा जन्म मिळतो" ही कहाणी त्याच्या नावावर सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मला जवळचा वाटत आलाय तो दुसरा फ्रेंच चित्रकार, मोने. 1886 च्या सप्टेंबरमध्ये तो बेल-ईल या फ्रेंच बेटावर गेला तो पंधरा दिवसांच्या बेताने. राहिला दोन महिन्यांहून जास्त. वाऱ्याने ईझल, म्हणजे चित्राची घोडी, उडू नये म्हणून तो दोरांनी बांधून ठेवायचा आणि तेच काळे खडक, तेच उसळणारं पाणी पुन्हा पुन्हा रंगवायचा. चाळीसच्या आसपास चित्रं झाली. मीही तेच तेच रंगवत होते आणि तोही तेच तेच रंगवत होता. मग त्याचं काय बरोबर आणि माझं काय चुकत होतं, एवढा एक प्रश्न सामानात घालून मी निघाले.

सामानाबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. आधी मी नेहमीप्रमाणे घर उचलून न्यायच्या तयारीत होते. चोवीस रंगांची पेटी, मोठे कागद, घडीचं ईझल, कागद हवा तिथे कोरा राखणाऱ्या मास्किंग फ्लुइडची बाटली. मग फोनवर कळलं की होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. म्हणजे खांद्याला एकच पिशवी. पाव शीट आकाराचे, 300 जीएसएमचे कोल्ड प्रेस, म्हणजे जाड आणि किंचित खरबरीत कागद एका फळीला चिमटे लावून घेतले, दोन गोल ब्रश, एक चपटा, पेन्सिल, आणि खिशात मावेल अशी पत्र्याची डबी. डबीत सहा वड्या बसतात. सहा रंग निवडायला मला दीड तास लागला. आठ वर्षांत मी रंग निवडलेच नव्हते, संपला की तोच आणत होते, हे तेव्हा लक्षात आलं.

होडीवाल्या काकांनी पिशवी हातात घेतली, वजन पाहिलं आणि "एवढंच?" म्हणाले. मला उगाच अभिमान वाटला.

पहिला दिवस, म्हणजे गुरुवारची संध्याकाळ, वाया गेली. सूर्यास्त होता. सूर्यास्त स्वतःच इतका रंगून बसलेला असतो की चित्रकाराला करायला काही ठेवत नाही. तरी मी केला. वर नारिंगी, खाली जांभळा, मध्ये सांडलेलं पिवळं. शाळेच्या वहीच्या वेष्टनावर शोभला असता. फोनवर साठएक फोटोही काढले, ते आजतागायत उघडून पाहिलेले नाहीत.

शुक्रवारी सकाळी बेटाला फेरी मारली. ओहोटी सव्वानऊच्या सुमारास होती. पाणी खाली गेलं की कडेकडेने खडकांवरून पूर्ण फेरी घालता येते, एक तास दहा मिनिटं लागतात. लहान बेटाची एक गंमत असते, कुठल्याही दिशेला चालत सुटा, थोड्या वेळाने तुम्ही निघालात तिथेच येता. पहिल्या फेरीत मजा वाटली. दुपारी तीच वाट धरली तर अर्ध्यावर पाण्याने अडवलं आणि मागे फिरावं लागलं. दिवसभरात तीन चित्रं केली. पालथी घातलेली होडी, दोरखंडाचं वेटोळं, खडकावरचा बगळा. तिन्ही नीटनेटकी, तिन्ही मेलेली. होडीच्या फळ्यांच्या भेगा मी अगदी दरवाज्याच्या फळ्यांसारख्या ओढल्या होत्या. तोच कोरडा ब्रश, तोच झटका.

रात्री आठलाच अंधार आणि शांतता. फोनला रेंज फक्त धक्क्यापाशी. खोलीत पडल्या पडल्या मी ठरवलं की उद्याच निघायचं, उगाच पैसे आणि वेळ. सकाळी काकूंना, म्हणजे घरमालकिणीला, विचारलं तर त्या म्हणाल्या, "होडी रविवारीच गं बाई. आज कशी मिळणार?" बेटाचा हा गुण कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. तिथे रागारागाने जाता येतं, रागारागाने परत येता येत नाही.

म्हणून शनिवारी, करायला दुसरं काही नाही म्हणून, पुन्हा त्याच फेरीला निघाले. पिशवीत तीन कागद, रंगांची डबी, ब्रश आणि पाण्याची एक बाटली. डबीतल्या सहापैकी तीन वड्या आदल्या दिवशी धुण्याच्या नादात खोलीतच सुकत राहिल्या होत्या. जवळ होते अल्ट्रामरीन ब्लू हा निळा, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि यलो ऑकर हा मातकट पिवळा.

भरती-ओहोटीचं गणित मला येतं असा माझा समज होता. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणजे रोज सगळं पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकतं. काल ओहोटी नऊ-वीसला, तर आज दहा-दहाला. बरोबर होतं. बेटाच्या पलीकडच्या बाजूला एक रुंद, सपाट कातळ आहे, पाठीशी उंच कडा आणि समोर समुद्रात उभा एक सुटा खडक. तिथे अकराला पोहोचले आणि सावली बघून बसले. बारा वाजले तरी पाणी जेमतेम वीतभर हललं होतं. हा वेग बघता चारपर्यंत काळजी नाही, असा मी हिशेब केला आणि कड्याला टेकून चक्क झोपले.

जाग आली ती पायाखालच्या आवाजाने. ज्या खडकांवरून आले ते नाहीसे झाले होते. दोन्ही बाजूंना हिरवं पाणी, मध्ये मी आणि माझा कातळ. घड्याळात सव्वादोन.

नंतर होडीवाल्या काकांनी समजावलं तेव्हा चूक कळली. "पाणी घड्याळाच्या काट्यासारखं सारखं चढत नाही, ताई. सहा तासांत चढतं त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग परत दोन, मग एक. झाले बारा?" मी बोटांवर मोजलं. झाले. पहिल्या दोन तासांत फक्त पाव पाणी चढतं आणि माणूस गाफील राहतो. पुढच्या दोन तासांत निम्मं चढतं. मी नेमकी त्या दोन तासांत झोपले होते.

पण त्या वेळी यातलं काही माहीत नव्हतं. पहिली काही मिनिटं मी घाबरले होते, हे सांगायला लाज कसली. ओरडून पाहिलं. ऐकणारं कोणी नव्हतं. मग जरा डोकं चालवून कड्याकडे पाहिलं. कातळाच्या बऱ्याच खाली काळी, कोरडी रेघ होती आणि तिच्या वर पाण्याची कसलीच खूण नव्हती. म्हणजे इथवर पाणी येत नसणार. बुडणार नाही, फक्त अडकले आहे. बाटलीत अर्ध्याहून थोडं कमी पाणी. ऊन कडक. ब्रश बुचकळायला ते वापरलं तर प्यायला उरणार नाही. तेव्हा पिण्याचं पाणी पिण्याला आणि रंगाला समुद्राचं.

पहिला कागद घेतला तो निव्वळ हात गुंतवायला. समोरचा सुटा खडक आणि माझ्या बाजूचा कडा यांच्यामधून समुद्राची उभी फट दिसत होती, ती काढली. दोन्ही बाजूंना गडद, मध्ये उजेड, तळाशी उन्हाची एक तिरकी पट्टी. दहा मिनिटांत संपलं. लांब धरून पाहिलं आणि हसूच फुटलं. दरवाजा! अर्धवट उघडा, उंबऱ्यासकट. दरवाजे नसलेल्या बेटावर, पाण्याने वेढलेली असताना, मी दरवाजाच काढला होता, बिजागरी तेवढी राहिली होती.

ते हसू ओसरल्यावर मात्र खरोखर काही सुचेना. मोनेचा प्रश्न तिथे कुठेतरी सुटला असावा. तो तोच खडक पुन्हा बघायचा. मी तोच दरवाजा पुन्हा आठवायचे. एकच विषय पुन्हा काढणं वेगळं आणि एकच चित्र पुन्हा काढणं वेगळं. बसल्या जागी बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या सुट्या खडकाकडे बघत बसले. फोन खोलीवर, पुस्तक नाही, उठून जायला जागा नाही. किती वेळ तरी नुसतं बघणं मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

तो खडक मुळातच पट्ट्यापट्ट्यांचा होता. सगळ्यात वर करपल्यासारखा काळा भाग. त्याच्या खाली राखाडी-पांढरा, खरखरीत, कोपराने घासला तर साल निघेल असा, बार्नकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक समुद्री जीवांच्या कवचांनी गच्च भरलेला. त्याच्या खाली, पाणी मध्येच खचलं की क्षणभर दिसणारा, शेवाळाचा हिरवा. कोण पाण्याबाहेर किती तास तग धरतं त्यावर ज्याची त्याची उंची ठरलेली. एकही पट्टा कोणी आखलेला नाही आणि तरी पट्टीने मारल्यासारखे सरळ. आणि या स्थिर पट्ट्यांवरून एक हलती रेघ वर चालली होती, ओल्या आणि कोरड्या खडकाच्या सीमेची. रेघेच्या खाली खडक गडद, वर फिका. खडक तोच, दगड तोच, फक्त भिजलेला.

इथे मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट दिसली. जलरंगात काम करणारा पहिल्या वर्षीच शिकतो की ओला वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून रंग नेहमी थोडा चढा ठेवायचा. ओली वाळू गडद दिसते तेही त्याच कारणाने. कणांमधल्या हवेच्या जागी पाणी शिरलं की उजेड बाहेर उसळण्याऐवजी आतआत जातो, तिथेच जिरतो आणि डोळ्यांपर्यंत कमी पोहोचतो. म्हणजे समोर समुद्र गेले हजारो दिवस एकाच खडकावर वॉश टाकत होता आणि वाळू देत होता. मी तीस वर्षं हेच काम करते आहे आणि ते एवढ्या मोठ्या मापावर चाललेलं मला दिसलं नव्हतं.

तीन वाजता दुसरा कागद घेतला. ठरवलं काही नव्हतं. ओली रेघ पाव तासात किती सरकली ते हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मोजलं, तेवढ्या उंचीचा एक आडवा पट्टा कागदाच्या वरच्या कडेला ओढला आणि समासात वेळ लिहिली. रंग त्या घडीला खडकाचा जो दिसत होता तो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की राखाडीचं मोठं कुटुंबच हाती येतं. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. काळा रंग लागतच नाही. पुढच्या पाव तासाला त्याच्या खाली दुसरा पट्टा. मग तिसरा.

चौथ्या पट्ट्याला लक्षात आलं की पट्टे बारीक होत चाललेत. मला वाटलं माझं माप चुकतंय. सव्वाचारला तर रेघ हललीच नाही. मी पेन्सिलीवर अंगठा धरून बसले आणि अंगठा जागचा हलेना. केसाएवढी रेघ ओढली. साडेचारलाही तेवढीच. मग ती रेघ खाली सरकायला लागली आणि पट्टे पुन्हा रुंद होत गेले. पाणी टोकाला जाताना हळू होतं, थबकतं आणि परत फिरतं, हे मला काकांच्या बारा भागांच्या आधी कागदाने सांगितलं.

दुसरी गोष्ट खाऱ्या पाण्याने केली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि मीठ ओल सोडत नाही. एवढ्या उन्हातही पट्टे पूर्ण वाळेनात, दमट राहायचे. त्यामुळे पुढच्या पट्ट्याची कड आधीच्यात थोडी उतरायची. सरळ रेघ मारली तरी ती श्वास घेतल्यासारखी फुगायची. अल्ट्रामरीन तसाही कागदाच्या खळग्यांत दाणे धरून बसतो, इथे तर ते दाणे जास्तच उठून आले, अगदी बार्नकलच्या थरासारखे खरखरीत. मी ते केलं नव्हतं. मला ते करता आलंही नसतं.

सहानंतर ऊन तांबूस झालं आणि राखाडीत सिएना वाढत गेला. शेवटचा पट्टा सव्वासहाचा. एकूण चौदा. साडेसहाला खडकांची वाट दिसायला लागली. निसरड्यावरून, दोनदा ढोपरं फोडून घेत, अंधार पडता पडता खोलीवर आले. काकू दारातच उभ्या होत्या. "अडकलीस ना?" एवढंच म्हणाल्या. त्या बेटावर अडकणारी मी पहिली नसणार. होडीवाले काकाही कंदील घेऊन निघायच्या बेतात होते. बारा भागांचा हिशेब त्यांनी तेव्हाच सांगितला, मला जरा चांगलंच सुनावून झाल्यावर.

रात्री चित्र उशाशी ठेवलं. सकाळी हात लावला तर ते अजून चिकट होतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं, पण खरं काम घरी आल्यावर सुरू झालं, आणि त्याबद्दल प्रवासाहून परतलेले लोक फारसं बोलत नाहीत. बेटावरून मी कामाचं असं एकच चित्र आणलं होतं, तेही पाव शीटचं, मिठाने भरलेलं. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, तेव्हा ते चित्र काचेमागे घालून विकणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणं. ते माझ्यापाशीच राहणार. प्रदर्शनासाठी ते स्वच्छ पाण्याने, पूर्ण शीटवर, 56 बाय 76 सेंटिमीटरच्या कागदावर पुन्हा करायचं ठरवलं. समासातल्या वेळा आणि मापं होतीच. अवघड काय त्यात?

पहिला प्रयत्न फरशीच्या जाहिरातीसारखा झाला. चौदा पट्टे, सगळ्या कडा कडक. साधं पाणी पंख्याच्या वाऱ्यात मिनिटांत वाळत होतं आणि पुढचा पट्टा आधीच्याला ओळखतच नव्हता. दुसऱ्या वेळी कागद मागून पुढून भिजवून घेतला, तर सगळे पट्टे एकमेकांत वाहून गेले. तिसऱ्या वेळी फवारणी केली, डाग पडले. मध्ये तीन आठवडे गेले. एका रात्री उठून मी एक दरवाजाही काढला, खोटं का बोला.

मग पाण्यात ग्लिसरीन घालायचं सुचलं. जलरंगवाले ते जाणतात. मिठासारखंच तेही ओल धरून ठेवतं, पण कागदावर स्फटिक होऊन बसत नाही. भांडंभर पाण्यात चारच थेंब. जास्त झालं तर कागद कधीच वाळत नाही, हेही एक शीट वाया घालवून शिकले. चार थेंबांनी पट्टा वीसएक मिनिटं दमट राहायला लागला आणि कडा पुन्हा एकमेकींत उतरायला लागल्या. बेटावर मला पाव तास पाण्याने दिला होता, इथे मी तो घड्याळाला गजर लावून घेतला. मधल्या पाव तासात दुसरं काही करायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत, नुसतं बघायचं. काय बघायचं, समुद्र तर नाही? खिडकीतून समोरच्या भिंतीवर पडलेलं ऊन. तेही सरकतं, आणि तेही दुपारी सारखं सरकत नाही.

त्यातून मालिका झाली. सात चित्रं, प्रत्येकात चौदा पट्टे. चार भिंतीवरच्या उन्हाची, दोन त्या खडकाची, आणि एक, शेवटचं, माझ्या स्वतःच्या दाराच्या उंबऱ्यावरच्या उन्हाचं. त्यात दार दिसत नाही. मीच सांगितलं तर कळेल, आणि बहुधा मी सांगणार नाही. नऊ दरवाज्यांपैकी पाच ठेवले, चार कपाटात गेले. चोवीसचा आकडा काही गाठता आला नाही. गॅलरीवाल्यांनी "दरवाजे एवढे कमी का?" असं विचारलंच, आणि त्यांचं चूक नाही, त्यांना भाडं द्यायचं असतं.

पट्ट्यांची सातही चित्रं घेऊन फ्रेमवाल्याकडे गेले. पहिलं त्याने नेहमीसारखं उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं. मग हातातल्या हातात फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ताई," तो म्हणाला, "ह्याची वरची बाजू कुठली?"

मी चित्र त्याच्याकडून घेतलं. वर रुंद पट्टे, मध्ये केसाएवढ्या रेघा, खाली पुन्हा रुंद. उलटं धरलं, सुलटं धरलं. मग त्याच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि मागच्या बाजूला बाण काढला. हुक मात्र दोन्हीकडे लावायला सांगितले.